दीक्षेला परवानगी कोणाची घ्यायची?

मागच्या महिन्यात साकोली तालुक्यातल्या एका खेड्यातून एक कुटुंब आमच्याकडे आले. नवरा-बायको, नवऱ्याची म्हातारी आई आणि दोन मुले. दोन एकर धानाची शेती, बाकी वेळ मजुरी. हे कुटुंब जन्माने बौद्ध नाही आणि पूर्वाश्रमीचे महारही नाही. त्यांची जात इथे लिहीत नाही, कारण गाव लहान आहे. हा माणूस चार वर्षांपासून आमच्या विहारातल्या रविवारच्या वाचनाला मागच्या रांगेत येऊन बसायचा. आता घरातल्या सगळ्यांनाच दीक्षा घ्यायची आहे, असे त्याने सांगितले आणि लगेच विचारले, "पण दादा, कलेक्टरची परवानगी लागते म्हणतात ना जी? तो फारम कुठं भेटंल?"

कोण म्हणते, असे आम्ही विचारले. एका कार्यालयात तो दुसऱ्याच कामाला गेला होता, तिथे बोलता बोलता विषय निघाला. टेबलामागच्या बाबूने त्याला सांगितले की धर्म बदलायचा असेल तर आधी वरून परवानगी आणा, नाहीतर पोलीस केस होते. म्हातारी घाबरली. दीक्षेची ठरलेली तारीख त्यांनी पुढे ढकलली.

त्याने विचारले तेव्हा, २०२५ मध्ये, महाराष्ट्रात असा कोणताही कायदा नव्हता. ज्याला बुद्ध धम्माची दीक्षा घ्यायची होती त्याने कलेक्टर, तहसीलदार, ठाणेदार किंवा ग्रामसेवक यांपैकी कोणालाही विचारण्याची गरज नव्हती. राजपत्रात नाव किंवा धर्म बदलाची जी नोटीस छापून येते ती कागदपत्रे जुळवण्यासाठी असते. तीसुद्धा आपण स्वतःहून, दीक्षेनंतर, आपल्या सोयीने देतो. ती परवानगी नव्हे.

तरी त्या बाबूवर आमचा राग नाही. त्याने मोबाईलवर गुजरातची बातमी पाहिली असेल, आपल्या राज्यातल्या घोषणा ऐकल्या असतील आणि दोन्हींची मिसळ करून पुढच्या माणसाला वाढली असेल. आमची काळजी वेगळी आहे. हा बाबू तेव्हा जे चुकीचे सांगत होता ते पुढे बरोबर ठरेल अशी तयारी चालली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. 'लव्ह जिहाद' आणि फसवून केलेली धर्मांतरे यांच्यावर कायदा कसा करावा, हे तिने सांगायचे होते. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात गृहराज्यमंत्र्यांनी इतर राज्यांपेक्षा कडक कायदा आणू, असे सांगितले. मग नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाकडे बोट दाखवले गेले. म्हणजे ज्या नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना दीक्षा दिली त्याच नागपुरात बसून दीक्षेवर कायदा करायचा.

आपल्या काही तरुण मित्रांचे यावर म्हणणे असे की हा कायदा आपल्यासाठी नाहीच, तो मुसलमान आणि ख्रिश्चनांसाठी आहे, आपण कशाला मध्ये पडायचे? दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परत येताना गाडीत हाच वाद झाला. नागपूर ते साकोली शंभर किलोमीटर, लाखनी येईपर्यंत वाद संपला नव्हता. त्या वादात जे नीट मांडता आले नाही ते इथे मांडतो.

आधी आपल्या भागाचा इतिहास. साकोली, भंडारा, नागपूर हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. त्या मध्य प्रदेश सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे नेमक्या भीमजयंतीच्या दिवशी, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. त्याच सुमारास बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते. त्या निवडणुकीत आपल्याच जिल्ह्याने बाबासाहेबांना पाडले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, हे आपण विसरू नये. समितीचे अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला आणि धर्मांतरांवर कायदेशीर नियंत्रण आणावे, अशी शिफारस केली. धर्मांतरबंदीच्या कायद्यांची बाजू घेणारे लोक आजही हा अहवाल हातात घेऊन बोलतात.

ते एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांत हेच डॉ. नियोगी होते. धर्मांतरावर नियंत्रण हवे असे लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचा धर्म बदलताना कोणत्या जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज केला होता? कोणाकडेच नाही. त्याला त्याची गरज वाटली नाही आणि ते बरोबरच होते.

दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला मुलूख मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशने १९६८ मध्ये धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला. नाव स्वातंत्र्याचे आणि काम चौकीदारीचे! धर्मांतराचा विधी करणाऱ्याने ठराविक मुदतीत जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, नाही कळवले तर तुरुंग किंवा दंड. छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा तो कायदा वारशात तिकडे गेला. साकोलीहून महामार्गाने पूर्वेला निघा. सौंदड, कोहमारा, देवरी, आणि पुढे राज्याची हद्द. आपली नाती त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत, राजनांदगावला लेकी दिल्या आहेत. इकडे भन्तेंनी दीक्षा दिली तर तो धम्मसोहळा, आणि तिकडे दीक्षा देऊन कळवले नाही तर तोच गुन्हा. १९५६ मध्ये नकाशावरची रेघ थोडी पश्चिमेला ओढली गेली असती तर विदर्भातल्या प्रत्येक दीक्षा समारंभानंतर याद्या घेऊन जिल्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

आता कायदा आपल्याला कधी हिंदू म्हणतो आणि कधी म्हणत नाही, हे पाहू. हा भाग जरा किचकट आहे, पण वाचाच.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम निवडून आले. हरलेल्या उमेदवाराने, पंजाबराव यांनी, निवडणुकीला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे एवढेच की मेश्राम बौद्ध झाले आहेत, त्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ मध्ये मेश्राम हरले. मेश्रामांच्या बाजूने असा मुद्दा आला होता की घटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात 'हिंदू' या शब्दात बौद्धांचा समावेश केला आहे. न्यायालयाने तो मानला नाही. ते स्पष्टीकरण त्या कलमापुरते, आरक्षणाच्या १९५० च्या आदेशात हिंदू म्हणजे हिंदूच, असे सांगितले. परिणाम काय झाला? दीक्षा घेणाऱ्या माणसाची केंद्रातली सवलत गेली आणि राखीव जागाही गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रासाठी १९९० उजाडावे लागले. व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात दुरुस्ती झाली तेव्हा दीक्षेला चौतीस वर्षे झाली होती. या चौतीस वर्षांत आपल्या कितीतरी आजोबांनी घरात बुद्धाची मूर्ती ठेवली आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' लिहिले. तरुण पोरे आज त्यांना नावे ठेवतात. ठेवू नका. सरकारने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते, धम्म सांग किंवा पोराची शिष्यवृत्ती घे. श्रद्धेची अशी किंमत वसूल करणे हासुद्धा सरकारी हस्तक्षेपच आहे. त्याला पोलीस लागत नाहीत, एक रकाना पुरतो.

पण त्याच निकालात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. न्यायालयाने म्हटले की माणसाने उघडपणे जाहीर केले की मी जुना धर्म सोडला आणि नवा स्वीकारला, तर तो त्या नव्या धर्माचा धरला जाईल. त्यापुढे जाऊन विधी नीट झाला की नाही, हे धर्मांतर पक्के की कच्चे, असे खोदत बसण्याची गरज नाही. म्हणजे धर्म कोणता हे ठरवणारा तो माणूस स्वतः आहे. १९६४ मध्ये हे तत्त्व आपल्या विरोधात वापरले गेले. मग आज परवानगीच्या अर्जाविरुद्ध तेच तत्त्व आपण का वापरू नये?

आता गुजरात. तिथे २००३ पासून धर्मांतराचा कायदा आहे. दीक्षा देणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, घेणाऱ्याला नंतर कळवावे लागते. तरीही हजारो दलित तिथे बौद्ध होत आहेत. उनाच्या मारहाणीतल्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये मोटा समढियाळा गावातच दीक्षा घेतली. काही जिल्ह्यांतले अधिकारी असे अर्ज आले की सांगायचे, घटनेप्रमाणे बौद्ध हे हिंदूंमध्येच येतात, परवानगी कशाला? मग ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या गृह विभागाने परिपत्रक काढले की या कायद्यासाठी बौद्ध धर्म वेगळा धर्म मानायचा आणि हिंदूतून बौद्ध होण्यासाठी परवानगी घ्यायलाच हवी. याच राज्याच्या सरकारने २००६ मध्ये बौद्ध आणि जैनांना या कायद्यापुरते हिंदूंचे पंथ ठरवणारी दुरुस्ती आणली होती. राज्यपालांनी ती परत पाठवली आणि पुढे ती मागे घ्यावी लागली.

गुजरातमधल्या काही बौद्ध संघटनांनी २०२४ च्या परिपत्रकाचे स्वागत केले. सरकारने शेवटी बौद्ध धर्म वेगळा मानला, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही हा सूर आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. आपण वेगळे आहोत हे सरकारी कागदावर यावे म्हणून आपल्या दोन पिढ्या झगडल्या. जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, हे आम्हीही दारोदार सांगत फिरतो. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. हा आकडा लोकांनी स्वतः सांगून झालेला आहे.

पण मित्रांनो, ही ओळख सरकार कुठे देते आहे ते पाहा. लग्न करायला गेलो तर हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू, म्हणजे आपण हिंदू. वारसा हक्क आला की हिंदू. १९९० पर्यंत आरक्षण मागितले की हिंदू नाही. गुजरातेत दीक्षा घ्यायला निघालो की हिंदू नाही, म्हणून थांबा आणि अर्ज करा. आपण कोण हे दर वेळी त्या वेळच्या सोयीने ठरते आणि ठरवणारा दर वेळी दुसराच कोणी असतो. वेगळा विवाह कायदा द्या, महाबोधी विहार बौद्धांच्या हाती द्या, मग वेगळेपणाची मान्यता खरी. पिंजऱ्यावर आपल्या नावाची पाटी लावली म्हणून पिंजरा आपला होत नाही.

या कायद्यांची दुसरी खोड अशी की त्यांचे दार एकाच बाजूला उघडते. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात लिहिले आहे की माणूस आपल्या लगेच आधीच्या धर्मात परतला तर ते धर्मांतर मानायचे नाही. मध्य प्रदेशच्या त्याच वर्षीच्या कायद्यात वडिलोपार्जित धर्मात परतण्याला सूट आहे, राजस्थानच्या २०२५ च्या कायद्यात मूळ धर्मात परतण्याला. या भाषेचा अर्थ आपल्या गावात लावून पाहा. त्या शेतमजुराने दीक्षा घेतली तर चौकशी. पुढच्या वर्षी दबाव आणून त्याला परत नेले तर ती 'घरवापसी', त्यासाठी नोटीस नाही, मुदत नाही, विचारणारा कोणी नाही. दबावाला विरोध करायचा असेल तर दोन्हीकडच्या दबावाला करा ना!

'प्रलोभन' या शब्दाच्या व्याख्याही वाचा. उत्तर प्रदेशच्या कायद्यात चांगल्या राहणीमानाचे आश्वासन हेसुद्धा प्रलोभन आहे. आता आपण लोकांना काय सांगतो? धम्मात या, माणूस म्हणून उभे राहाल, मुले शिकतील, दारू सुटेल, घर सुधारेल. हे प्रलोभन ठरवायला एका तक्रारदाराला किती वेळ लागेल? आणि बावीस प्रतिज्ञा? ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत दीक्षा समारंभात बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्हणून राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले, पोलिसांनी त्यांना चौकशीला बोलावले. दिल्लीत तर धर्मांतराचा कायदाही नव्हता. कायदा हातात असता तर काय झाले असते?

सगळ्यात जास्त आम्हाला टोचते ते शिक्षेचे कलम. १९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्यातही दिसणारी एक पद्धत आहे. धर्मांतर केलेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. उत्तर प्रदेशात २०२१ च्या मूळ कायद्याने अशा वेळी दोन ते दहा वर्षे होती. वरवर पाहता हे संरक्षण वाटते. पण या यादीत लहान मुले, बाया आणि दलित-आदिवासी एका ओळीत का बसवले? कारण कायदा करणाऱ्याच्या मनात या तिघांनाही स्वतःची अक्कल नाही, त्यांना कोणीही गूळ दाखवून नेऊ शकतो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा प्रश्न सगळ्या बाजूंनी लोकांसमोर मांडला. लोकांनी ऐकले, वाद घातले, वाट पाहिली. या देशात इतका विचार करून कोणी धर्म बदलला असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि त्यांच्या नातवंडांना आता साठ दिवस आधी नोटीस द्या म्हणायचे!

लग्नाचा मुद्दा तरुणांनी विशेष लक्षात घ्यावा, कारण तुरुंगात जाणार ते तेच. 'लव्ह जिहाद' हा शब्द ऐकला की आपल्यातल्या काहींना तो दुसऱ्याच्या घरचा प्रश्न वाटतो. आपल्या भागात एखाद्या बौद्ध मुलाने कुणबी किंवा तेली मुलीशी लग्न केले, तिने आपल्या मर्जीने दीक्षा घेतली आणि विहारात मंगल परिणय झाला, अशी उदाहरणे तुम्हाला माहीत आहेत. उद्याच्या कायद्यात मुलीच्या भावाला किंवा काकाला तक्रारीचा अधिकार असेल. उत्तर प्रदेशात आधी नातेवाइकांना होता, २०२४ मध्ये तो कोणालाही देऊन टाकला. आणि धर्मांतर जबरदस्तीचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. सोनई आणि खर्डा आठवा. जातीबाहेर प्रेम केल्याच्या नुसत्या संशयावरून आपली पोरे जिथे मारली गेली, तिथे मुलीकडच्यांच्या हाती आणखी एक कायदेशीर हत्यार द्यायचे का? बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. हा कायदा नेमका त्याच्याच आड येतो.

इथे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही आंबेडकरवादी तर सरकारने धर्मात हात घालावा असेच म्हणत आलात. मंदिरप्रवेश, हिंदू कोड बिल, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, या सगळ्यांना तुमचा पाठिंबा. मग आता सरकार नको कसे? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये स्पष्ट सांगितले होते की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळे आयुष्य व्यापतात, त्या सगळ्याला हात लावू नका म्हटले तर सुधारणा अशक्य होईल. म्हणून २५ व्या कलमात सामाजिक सुधारणेचे दार उघडे ठेवले आहे. पण ते दार कशासाठी आहे? धर्माच्या नावावर एक माणूस दुसऱ्याला विहिरीवर येऊ देत नाही, वाळीत टाकतो, बाईला डाकीण म्हणून मारतो, तिथे सरकारने गेलेच पाहिजे. माणूस आपल्या मनात काय मानतो आणि काय सोडतो, तिथे सरकारला जागा नाही. आणि फसवणूक, धमकी, डांबून ठेवणे हे गुन्हे दंड संहितेत आहेतच. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हासुद्धा इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे. नवा कायदा गुन्हेगार पकडायला लागत नाही. तो नोंदवही ठेवायला लागतो.

बाबासाहेबांना ही रेघ कुठे ओढायची होती ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा आपला घटनेचा मसुदा मांडला. त्यात धर्म मानणे आणि सांगणे यांच्याबरोबर धर्मांतर करवण्याचा हक्कही स्पष्ट लिहिलेला आहे, फक्त सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीती यांच्या मर्यादेत. त्याच वर्षी घटना समितीपुढे जबरदस्तीच्या धर्मांतराला मान्यता नाही, असे कलम मूलभूत हक्कांत घालण्याचा प्रस्ताव होता. चर्चा होऊन तो वगळला गेला. शेवटच्या घटनेत 'प्रचार' हा शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, आणि मध्य प्रदेश व ओडिशाचे कायदे कायम ठेवले. आमच्या मते तो निकाल चुकीच्या बाजूने पाहतो. तो धर्मांतर करवणाऱ्याबद्दल बोलतो. धर्म सोडणाऱ्या माणसाच्या सद्सद्विवेकाचे काय, याकडे त्यात फारसे पाहिलेलेच नाही.

पुढे न्यायालये तिकडे वळली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तीस दिवस आधी नोटीस देण्याचे कलम रद्द केले. आपली श्रद्धा कोणती हे मनात ठेवण्याचा, न सांगण्याचाही माणसाला हक्क आहे, हा त्याचा गाभा, आणि मूळ धर्मात परतणाऱ्याला सूट देणे हा भेदभाव, हेही त्यात आहे. सरकारने २०१९ मध्ये नवा कायदा करून नोटीस परत आणली, ती गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये हादियाच्या प्रकरणात जोडीदार आणि श्रद्धा निवडणे हा सज्ञान व्यक्तीचा स्वतःचा निर्णय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये साठ दिवसांच्या नोटिशीच्या कलमाखाली कारवाई करायला अंतरिम मनाई केली. या सगळ्या राज्यांच्या कायद्यांवरच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने राज्यांकडून उत्तर मागवले. निकाल येईपर्यंत नवे कायदे करत सुटायचे, हे या सरकारांचे चालले आहे.

एक कडू गोष्ट आपल्याबद्दलही बोलतो. हस्तक्षेपाची ओरड आपण कधी कधी चुकीच्या जागी करतो. विहाराचा ट्रस्ट नोंदवला असेल तर हिशेब द्यावा लागतो. धर्मादाय कार्यालयाने पत्र पाठवले की काही समित्या 'धम्मावर हल्ला' म्हणून बोंब मारतात. १९५४ मध्ये रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याची चाचणी घेतली. मालमत्ता आणि पैशाचा कारभार सरकार तपासू शकते, पण धर्माचे काम कोणी आणि कसे चालवायचे यात शिरू शकत नाही, अशी रेघ ओढून त्या कायद्यातली काही कलमे रद्द केली. वर्गणीची पावती फाडली तर तिचा हिशेब द्या, त्यात धम्माला काही होत नाही. उलट बिहारचा १९४९ चा बोधगया मंदिर कायदा पाहा. महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी. तो जिल्हाधिकारी हिंदूच हवा, अशी अट तर २०१३ पर्यंत होती. हा हिशेब तपासणे नव्हे, हा घरात घुसून बसणे आहे. भन्ते सुरई ससाई नव्वदच्या दशकात नागपूरहून हा लढा घेऊन गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे पुन्हा धरणे सुरू झाले.

आता त्या कुटुंबाचे. आम्ही त्यांच्या घरी गेलो, म्हातारीशी बोललो. तिची भीती कायद्याची कमी आणि गावाची जास्त होती. "पोलीस आले त लोक का म्हणतीन?" हा तिचा प्रश्न. त्यांना आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. आज परवानगी लागत नाही. आणि दीक्षा घेतल्यावर स्वतःच्या हाताने एक कागद लिहून ठेवा की आम्ही स्वतःच्या मर्जीने, कोणाच्या दबावाशिवाय, अमुक तारखेला बुद्ध धम्म स्वीकारला. घरातल्या सज्ञानांनी सह्या करा, दोन साक्षीदार घ्या, फोटो काढा. हा कागद कोणाला द्यायचा नाही. घरच्या पेटीत ठेवायचा. मुलांच्या दाखल्याचे आणि जातीच्या प्रमाणपत्राचे काय होईल हे आधी समजून घ्या, कारण बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत राहते, पण इतर प्रवर्गांचे नियम वेगळे असतात. त्यासाठी वकील मित्राला एकदा भेटवले. सूनबाईने सगळे ऐकून घेतले आणि तारीख तिनेच ठरवली, कार्तिक पौर्णिमेची.

महाराष्ट्राच्या विधेयकाची प्रत मिळवून साकोली, लाखनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या विहारांत वाचायची, असे आम्ही ठरवले आहे. हरकती मागवल्या तर प्रत्येक विहार समितीने आपल्या शब्दांत पाठवायच्या, एकच छापील मजकूर सगळ्यांनी नको. कार्तिक पौर्णिमेला सकाळी दहा वाजता दीक्षा आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी या. गाव कोणते, ते आम्ही विहारात सांगू.